कणीक सुकल्याचा आवाज

काका, आधी माफी मागतो. तुमच्याबद्दल लिहायचा हक्क माझ्याआधी आपल्या भजनी मंडळातल्या कितीतरी लोकांना आहे. तुमचे धाकटे भाऊ वसंतकाका तुमच्या शेजारी बसून जन्मभर झांज वाजवत आले. बुवांबरोबर तुम्ही किती भजनं केलीत याचा हिशोब त्यांच्याकडेच असेल. मी तुमच्या दोन मजले खाली राहणारा, समेवर मान कधी हलवायची हेही शेजारच्याकडे बघून ठरवणारा. पण मंडळाच्या पुस्तिकेत तुमच्यावर दोन पानं द्यायची ठरली, तेव्हा वसंतकाका आमच्या दारात येऊन म्हणाले, "तू कॉलेजात जातोस, तू लिही. आमी लिवलं तर गाव, मिल आणि पखवाज, तीन ओळीत संपेल." त्या तीन ओळी मंडळाच्या फळ्यावर लिहून झाल्या आहेत. त्या मी इथे लिहीत नाही.

मला एकच गोष्ट लिहिता येईल आणि ती लिहायला मी घाबरतो आहे. तुमच्यासाठी गाणं ऐकायचं यंत्र मी निवडलं. ते बरोबर निवडलं का, हे तुम्हाला नीट विचारायचं राहून गेलं.

तुम्ही पहिल्यांदा त्यासाठी आमच्या घरी आलात ती दुपार मला आठवते. आई कामावरून यायची होती. तुमच्या हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि जिना उतरल्यामुळे तुम्हाला दम लागला होता.

"काय इंजिनेर, असंस काय घरात?"

"काका, मी बीएस्सी करतोय. इंजिनियर नाही."

"तां एकच. ह्या बग."

रुमालात एक कॅसेट होती. डायलिसिस सुरू होऊन तुम्हाला महिना झाला होता. आठवड्यातून तीनदा चार-चार तास पडून राहायचं, सुईचा हात हलवायचा नाही, आणि समोरच्या टीव्हीवर दुसऱ्या कुणीतरी लावलेली मालिका बघायची. तुम्ही म्हणालात, मरणाचं भ्या नाय रे, त्या मालिकेचा आसा. ही टेप कानात वाजेल असं एखादं छोटं यंत्र तुम्हाला हवं होतं. चांगल्यातलं चांगलं.

"मोबाईलवर घालून देऊ का?" मी विचारलं.

"मोबाईल नको. बुवान तान घेतलेली आणि मदीच बँकेची बाय इचारता, लोन होया काय."

मग तुम्ही मला टेपची गोष्ट सांगितलीत. आपल्याकडची डबलबारी, म्हणजे दोन बुवा समोरासमोर, एकाने भजनातून सवाल टाकायचा आणि दुसऱ्याने भजनातूनच उत्तर द्यायचं. ही टेप झाली त्या बारीच्या दिवशी तुमच्या पुतण्याने नवीन डेक आणला होता आणि दोन माईक लावले होते. एक बुवांच्या पेटीसमोर, दुसरा तुमच्या पखवाजाजवळ. "माझ्यासाठी येगळो माईक," असं तुम्ही म्हणालात आणि बोटाने स्वतःच्या छातीकडे दाखवलंत. बुवा आता नाहीत. तो पखवाजही मंडळात नाही. राहिली ती नव्वद मिनिटांची कॅसेट, आणि ती तुम्ही तुमच्या एका स्पीकरच्या जुन्या टेपरेकॉर्डरवर वर्षातून एकदाच, गणपतीत, लावायचात. झिजेल म्हणून.

यंत्र चांगलं की वाईट हे कसं ओळखायचं, तेही तुम्हीच सांगितलंत. पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे त्या बाजूच्या चामड्याला, ओली कणीक थापतात हे मला माहीत नव्हतं. त्या कणकेच्या वजनाने तो खोल घुमारा येतो. वाजवता वाजवता कणीक सुकत जाते, मग मधेच हात ओला करून तिला पाणी लावावं लागतं. पण त्या बारीत समोरच्या बुवांनी असा सवाल टाकला की आपल्या बुवांनी शेवटची पंधरा मिनिटं तुम्हाला श्वासच घेऊ दिला नाही. पाणी लावायला हात मोकळा झाला नाही. बी बाजूच्या शेवटी शेवटी कणीक सुकली आणि डावी पुडी चढी बोलायला लागली.

"कोणाक कळलां नाय," तुम्ही म्हणालात. "बुवाक पण नाय. फकत माका. ज्या यंत्रात ती कणीक सुकलेली ऐकाक येईल, ता घे."

मी वहीत लिहून घेतलं. कणीक. खाली दोन रेघा मारल्या.

काका, मला निवड करायला फार वेळ लागतो हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही त्यावरून चिडवायचातही. पण त्याचं कारण मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी बारावीपुढे गेलं नाही. कॉलेजचा फॉर्म, विषय, शिष्यवृत्तीचा अर्ज, सगळं मीच भरलं आणि भरलेलं बरोबर आहे का हे बघायला माझ्यामागे कुणी नव्हतं. बाबा सहीच्या जागी सही करतात आणि "बघितलंस ना नीट?" एवढंच विचारतात. मग मी तिसऱ्यांदा बघतो, चौथ्यांदा बघतो. चूक झाली तर ती माझ्या एकट्याची नसते, घराची असते.

तुमच्या यंत्राचंही मी तसंच केलं. एवढंसं काम, पण तुम्ही माझ्यावर सोपवलं होतं. टेप कॉलेजच्या लॅबमधल्या सरांच्या परवानगीने संगणकावर उतरवली. एकदा नाही, तीनदा, आणि तिन्हींतली सगळ्यात स्वच्छ ठेवली. आवाज दाबून फाईल लहान करतात, तशी केली नाही. मग पाच-सहा आठवडे मी इंटरनेटवर नुसता वाचत होतो. कोणत्या यंत्रातली आकड्यांतून आवाज बनवणारी चिप चांगली, कोणत्यात मागची खरखर कमी, कोणत्याची बॅटरी चार तास टिकते. लोक एकमेकांशी तावातावाने भांडत होते आणि मी दोन्ही बाजूंचं खरं मानत होतो. तुम्ही जिन्यात भेटलात की विचारायचात, "आला काय रे यंत्र?" मी म्हणायचो, "अजून दोन बघायचीयत काका." एकदा तुम्ही म्हणालात, "झिला, पोरगी बगूक इतके दिवस लागत नाय." आणि एकदा, "सगळ्या दुनियेक इचारलंस. माका इचारलंस?"

मी हसलो. मला वाटलं, विचारलं की. कणीक म्हणून लिहूनही घेतलंय.

आपलं भांडणही त्याच दिवसांतलं. मी बी बाजूच्या शेवटचा तुकडा लॅबमध्ये पडद्यावर आलेख काढून बघितला आणि मला दिसलं की तुमच्या डाव्या पुडीचा आवाज खरंच थोडा वर चढला आहे. पण माझ्या डोक्यात शंका आली. मी तुमच्याकडे येऊन म्हणालो, "काका, ही कणीक नसेल. कॅसेट संपत येते तेव्हा डेकची मोटर कधीकधी वेग बदलते. वेग वाढला की सगळंच चढं वाजतं."

तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. "म्हंजे माझी कणीक खोटी?"

"खोटी नाही हो. पण कॅसेटमध्ये एवढं बारीक येईल का?"

"तुझ्या आकड्यांनी कधी पखवाज वाजवलो काय?"

काकी आतून म्हणाल्या, "अहो, पोरगा तुमच्यासाठीच करतोय ना."

"करता ना. पण माका शिकवता," तुम्ही म्हणालात. दोन दिवस तुम्ही माझ्याशी नेहमीसारखं बोलला नाहीत. मीही येऊन चुकलो म्हणालो नाही, कारण मला खरंच वाटत होतं की मी बरोबर आहे. ते भांडण मग आपण बाजूला ठेवलं. मिटवलं नाही.

मुलुंडच्या दुकानात आपण गेलो ती सकाळ मला हजारदा आठवते. बस रिकामी होती तरी तुम्ही मला खिडकीजवळ बसू दिलं नाहीत, स्वतः खिडकीशी बसलात आणि मला तुमच्या डाव्या बाजूला बसवलंत. मला वाटलं, तुम्हाला खिडकी आवडते.

दुकानदार बोलका होता. त्याने पहिल्या यंत्रावर कुठलंतरी इंग्रजी गाणं लावलं. त्यात एक बाई हळूच गात होती आणि तारा किणकिणत होत्या.

"ऐका काका, काय क्लॅरिटी आहे," तो म्हणाला.

"ह्यात पखवाज खंय आसा?"

"पखवाज नाही काका, पण स्क्रीन बघा, एवढी मोठी कुठे मिळणार नाही."

"मी काय डोळ्यांनी ऐकतंय?"

मी खिशातून आपली टेप उतरवलेलं मेमरी कार्ड काढून दिलं. मग तो माणूस सकाळभर एकेका यंत्रावर आपली बी बाजू लावत राहिला. तिसऱ्या की चौथ्या वेळी तोही पायाने ठेका धरायला लागला. इअरफोन घालून ऐकताना तुम्ही गप्पच होतात. दोन्ही डोळे बारीक करून, काहीतरी शोधत असल्यासारखे. मी समजत होतो की तुम्ही बारकाईने ऐकताय.

मग त्याने एक स्वस्तातलं, लाल प्लास्टिकचं यंत्र काढलं. त्याला स्वतःचाच एक स्पीकर होता, बटाटेवड्याएवढा. त्याने ते नुसतं टेबलावर ठेवून चालू केलं. बुवांचा आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा आला. आणि काका, तुमचा चेहरा उजळला. तुम्ही काउंटरवर बोटं वाजवायला लागलात. "ह्या घे," म्हणालात. "ह्यात सगळे असत."

मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतंय. मी म्हणालो, "काका, इतकी वर्षं जपलेल्या टेपला हा डबा? आणि वॉर्डात स्पीकर लावू देणार नाहीत, कानातच घालावं लागणार." वॉर्डाचं खरं होतं. पण डबा मी म्हणायला नको होतं. तुमची बोटं थांबली. "बरां," तुम्ही म्हणालात, "तू वाचलंस तां खरां." आणि मी वहीत पहिल्या नंबरवर लिहिलेलं, काडेपेटीएवढं, काळं, बटणांचं यंत्र आपण घेतलं. बटणांचं, कारण सुईचा हात हलवायचा नाही आणि दुसऱ्या हाताने न बघता दाबता यायला हवं, एवढा विचार मी केला होता. त्याच्यासोबत घेतलेले इअरफोन मला सगळ्यात आवडले, कारण त्यांत डावी बाजू डावीकडे आणि उजवी बाजू उजवीकडे अगदी वेगळी ऐकू यायची. बुवा डावीकडे. तुम्ही उजवीकडे. मधे काही सांडत नव्हतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, माझ्या हातून एक काम तरी पूर्ण बरोबर झालं.

इअरफोनवरची अक्षरं बारीक होती. तुम्हाला दिसणार नाहीत म्हणून मी उजव्या कानाच्या तुकड्याला आईच्या नेलपॉलिशने लाल ठिपका लावला.

"काका, लाल उजव्या कानात. उलटं घालू नका."

"उलटां घातलंय तर काय होतलां?"

"सगळे उलट्या बाजूला बसतील. बुवा तुमच्या जागी आणि तुम्ही बुवांच्या."

"बसूं देत की. एवडी वर्सां खाली बसलंय, जरा बुवाच्या गादीर बसतंय," तुम्ही म्हणालात आणि काकी हसल्या. पण मी काही हसलो नाही. मी स्वतःच्या हाताने लाल तुकडा तुमच्या उजव्या कानात घातला, नीट दाबून बसवला आणि बटण दाबलं.

तुम्ही बराच वेळ ऐकलंत. मग म्हणालात, "बुवा झकास. पेटी पण झकास." मी वाट बघत होतो. तुम्ही माझ्याकडे बघून विचारलंत, "पण मी खंय आसंय?"

मी समजावून सांगायला लागलो. की पखवाजाच्या डाव्या पुडीचा आवाज खालचा असतो, छोट्या इअरफोनमध्ये तो यायला रबर कानात घट्ट बसावं लागतं. की जुन्या टेपरेकॉर्डरची सवय आहे म्हणून वेगळं वाटतंय. सवय होईल. मी किती बोललो, काका. तुम्ही मान हलवत होतात. "होईत, सवय होईत," म्हणालात.

तीन-चार दिवसांनी जिन्यात भेटलात तेव्हा तुम्हीच म्हणालात, "इंजिनेर, इलो रे आवाज. सगळो इलो." माझ्या खांद्यावर थापही मारलीत. पण माझी परीक्षा जवळ आली होती, माझा चेहरा कसा असेल ते मला माहीत आहे, आणि मला वाटलं तुम्ही माझं मन राखायला बोलताय. त्यानंतर मी तुम्हाला किती वेळा विचारलं असेल. येतोय ना काका? नक्की येतोय ना? तुम्ही दर वेळी "येता रे" म्हणायचात. मी आणखी दोन मापांची रबरं आणून दिली, ती तुम्ही घेऊन खिशात टाकलीत. काय ऐकू येतंय, कुठून ऐकू येतंय, असं एकदाही विचारलं नाही. मला फक्त हो ऐकायचं होतं आणि तुम्ही मला ते देत होतात.

तुम्ही गेलात त्या दिवशी माझी प्रॅक्टिकल होती. मी घरी आलो तेव्हा इमारतीखाली मंडळाची माणसं उभी होती. त्याबद्दल मला काही लिहिता येत नाही.

बाराव्या दिवशी जेवणं झाल्यावर वसंतकाका आणि मी गच्चीवर सतरंज्या झटकत होतो. यंत्राची गोष्ट निघाली. मी त्यांना सांगत होतो की डावं-उजवं किती स्वच्छ वेगळं येतं, पखवाज पूर्ण उजव्या कानात. वसंतकाकांनी सतरंजीचं टोक सोडलं.

"उजव्या कानात?" ते म्हणाले. "अरे, भावाचा उजवा कान गेलेला. दहा वर्षं तरी झाली. काय्येक ऐकू येत नव्हतं त्याला तिकडून."

त्यांनी जिन्याकडे एकदा बघून घेतलं.

"मंडळात कुणाला बोलला नाही. बोलला असता तर पखवाज दुसऱ्याच्या मांडीवर गेला असता ना. मला आणि वहिनीला, दोघांनाच माहीत. मी त्याच्या डावीकडे का बसायचो वाटलं तुला?"

काका, त्या गच्चीवरून मी खाली कसा आलो मला आठवत नाही. बसमधली खिडकी आठवली. आमच्या घरी आलात की तुम्ही भिंतीशी, टोकाच्या खुर्चीत बसायचात आणि आम्ही सगळे तुमच्या डाव्या अंगाला. दुकानात इअरफोन घालून डोळे बारीक करून तुम्ही शोधत होतात ते स्वतःला. त्या लाल डब्यात तुम्ही सापडलात, कारण त्याला एकच स्पीकर होता आणि त्यातून सगळे एकत्र बाहेर येत होते, तुमच्या टेपरेकॉर्डरमधून यायचे तसे. तुमच्या कानाने तुमच्यासाठी बरोबर यंत्र निवडलं होतं. मी ते परत ठेवायला लावलं. आणि मग इतके आठवडे वाचून, इतके आकडे ताडून, मी तुम्हाला असं यंत्र दिलं ज्यात तुम्ही सोडून सगळे होते. त्यावर तुम्ही चुकून इकडचं तिकडे करू नये म्हणून लाल ठिपकाही लावला.

त्यानंतर आठ-नऊ दिवस मी चौथ्या मजल्यावर गेलो नाही. आई म्हणाली, काकी एकट्या आहेत, जाऊन बस जरा. मी अभ्यासाचं सांगितलं. खरं म्हणजे मला ते यंत्र बघायचं नव्हतं. तुम्ही डायलिसिसच्या खाटेवर पडला आहात, उजव्या कानात लाल तुकडा नीट बसवलेला, आणि दुसऱ्या कानात बुवा गातायत, पेटी वाजतेय, आणि कणीक सुकायची ती जागा येते आणि तिथे काहीच नाही. हे चित्र माझ्यासमोरून हलत नव्हतं. मी तुम्हाला तुमच्याच बारीतून उठवलं होतं.

त्या दिवसांत मी एक काम केलं. आपलं भांडण राहिलं होतं ना, ते. मी बी बाजूचा तोच तुकडा परत आलेखावर घेतला, पण या वेळी फक्त पखवाज नाही, पेटीही बघितली. डेकचा वेग बदलला असता तर पेटीही चढली असती. काका, पेटी जिथल्या तिथे आहे. शेवटच्या पंधरा मिनिटांत ती केसाएवढीसुद्धा हललेली नाही. फक्त तुमची डावी पुडी हळूहळू वर जाते. ती कणीकच आहे. तुम्ही खरे होतात आणि कॅसेटमध्ये ते बारीक आलेलं आहे. हे मला पहिल्याच दिवशी बघता आलं असतं. ते कळलं तेव्हा धावत वर जाऊन सांगायला मी अर्धा जिना चढलोसुद्धा, आणि मग थांबलो.

तुमच्याकडून मला जे मिळालं त्याबद्दल मी तुम्हाला कधीच काही बोललो नाही. माझ्या मार्कांची यादी तुम्ही चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचात, एकही विषय कळत नसताना. मी काही सांगायला लागलो की तुम्ही मान वळवून माझ्याकडे डावा कान करायचात. मला वाटायचं, केवढं लक्ष देऊन ऐकतात. ते लक्षच होतं, आता कळतं. तुमच्याजवळ एकच कान होता आणि तो तुम्ही मला देत होतात.

काल संध्याकाळी काकी स्वतःच खाली आल्या. काळं यंत्र आणि त्याला गुंडाळलेले इअरफोन त्यांनी माझ्यासमोर ठेवले. म्हणाल्या, "हे तू ठेव. मला लावता येत नाही. ते लावून द्यायचे."

मी यंत्र उचललं आणि विचारलं, "त्यांना ऐकू यायचं का हो?"

"न यायला काय झालं? पहिले दोन दिवस कुरकुर चालली होती. मग एकदा सेंटरमधल्या सिस्टरने घाईत इअरफोन उलटे घातले. तर हे एकदम उठून बसायलाच लागले. सुई हलली. काय ओरडली ती बाई. पण यांना त्याचं काही नाही, नुसते हसतायत. तेव्हापासून दर वेळी लाल तुकडा डाव्या कानात. मी म्हणायचे, अहो, त्या पोराने मुद्दाम रंगवून दिलंय, लाल उजवीकडे. तर म्हणायचे, गप रव, लालात मी आसंय."

मी यंत्र हातात घेतलं होतं. ते मी खाली ठेवलं.

"मग दुसरा तुकडा?"

"तो माझ्या कानात. शेवटचा अर्धा तास मला आत सोडायचे ना, स्टुलावर. ती वायर केवढीशी, डोकं अगदी त्यांच्या डोक्याला लावून बसावं लागायचं. सिस्टर हसायच्या. हे म्हणायचे, तुझ्यात बुवा आहेत, तू बुवांना ऐक. टेपची दुसरी बाजू माझ्यासाठी राखून ठेवायचे." काकींनी लाल तुकड्यावर बोट ठेवलं. "आणि ती संपत आली की दर वेळी, न चुकता, माझ्या हातावर बोट आपटायचे. डोळे मिटलेले. म्हणायचे, सुकली बग. बघ, आता सुकली. काय सुकायचं रे ते? मी कधी विचारलंच नाही."